‘ट्रेकिंग पीक’च्या मोहिमेचे दिवस मोजून घ्यावेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

हिमालयातील शरद हंगाम जवळ आला की सहा हजार मीटर उंचीच्या शिखरांवरील मोहिमांच्या जाहिराती सगळीकडे दिसू लागतात. आयलंड पीक, मेरा पीक, लोबुचे ईस्ट ही नावे आता केवळ गिर्यारोहकांच्या बैठकीपुरती राहिलेली नाहीत. एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत जाऊन आलेली अनेक मंडळी या शिखरांकडे पुढची पायरी म्हणून पाहतात, आणि सोबत मार्गदर्शक असल्यामुळे ही पायरी आपल्या आवाक्यातली आहे असे त्यांना वाटते. पुष्कळदा ती आवाक्यात असतेही, म्हणून कोणाला या वाटेवरून मागे वळवावे असा माझा हेतू नाही. मी स्वतः या मोहिमांवर जात आलो आहे आणि पुन्हा जाणार आहे. परंतु मोहिमेची आखणी करताना लोक कशाची चौकशी करतात आणि कशाची करत नाहीत, हे पाहून हे पत्र लिहिण्यावाचून राहवले नाही. खर्च किती, शिखरमाथा गाठण्याची शक्यता किती, बूट तिथे भाड्याने मिळतात का, हे तीन प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. लुक्ला, म्हणजे एव्हरेस्ट परिसरातील विमानतळाचे गाव, सोडल्यापासून लुक्ल्याला परत येईपर्यंत किती रात्री, त्या कोणकोणत्या उंचीवर आणि त्यांपैकी राखीव किती, हा प्रश्न मात्र क्वचितच कानावर येतो. माझ्या मते मोहीम विकत घेताना आपण मुख्यतः हे दिवसच विकत घेत असतो, आणि दर उतरवला जातो तेव्हा बहुतेक वेळा कात्री याच दिवसांना लागते.

प्रथम या शिखरांना दिल्या जाणाऱ्या ‘ट्रेकिंग पीक’ या नावाविषयी लिहितो, कारण निम्मा गैरसमज तिथून सुरू होतो. ‘ट्रेकिंग पीक’ ही चढाईची श्रेणी नव्हे, ती परवान्याची वर्गवारी आहे. नेपाळमध्ये १९७८ साली अठरा शिखरांच्या परवान्यांचे काम नेपाळ पर्वतारोहण संघाकडे देण्यात आले आणि २००२ साली त्यांत आणखी पंधरा शिखरांची भर पडली. मोठ्या मोहिमांच्या तुलनेत या शिखरांच्या परवान्याची प्रक्रिया सुटसुटीत आणि शुल्क कमी आहे, एवढाच त्या नावाचा अर्थ. या यादीत मेरा पीक आहे, जिथे चढाईचा बराचसा भाग म्हणजे हिमनदीवरची लांबच लांब चाल आहे. त्याच यादीत कुसुम कांगुरू आणि चोलात्सेदेखील आहेत, जिथे जाण्याचा विचार कसलेले गिर्यारोहकही दहा वेळा करतात. तेव्हा ‘ट्रेकिंग पीकच तर आहे’ हे वाक्य कोणी आश्वासन म्हणून ऐकवत असेल, तर त्याने शिखराविषयी काहीच सांगितलेले नसते.

या शिखरांचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. आयलंड पीकवर, म्हणजेच ६,१८९ मीटर उंचीच्या इम्जा त्सेवर, १९५३ साली पहिली चढाई झाली ती त्या वर्षीच्या एव्हरेस्ट मोहिमेतील गिर्यारोहकांकडून, आणि तीही एव्हरेस्टला हात घालण्यापूर्वी विरळ हवेची सवय व्हावी म्हणून मुद्दाम राखून ठेवलेल्या काळात. त्याच मोहिमेसाठी ऑक्सिजनची नळकांडी वर पोहोचवून मोकळे झालेले जिमी रॉबर्ट्स सेन तेनझिंग यांच्यासह २० मे १९५३ रोजी मेराच्या मधल्या माथ्यावर गेले. आज आपण ज्याला एव्हरेस्टवीरांचा ‘सराव’ म्हणतो, तो अनेक दिवस त्या उंचीवर राहिलेल्या माणसांचा सराव होता. आपण त्यांचे शिखर घेतो, पण त्यांनी तिथे खर्च केलेला वेळ घेत नाही.

विरळ हवेत शरीराचे काय होते हे थोडक्यात सांगतो. साधारण ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि त्याबरोबर प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही निम्मा होतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याच्या वेगाने, आपल्या सुट्टीच्या हिशेबाने नव्हे. म्हणून ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम त्याच उंचीवर करावा, असे पर्वतीय वैद्यकाचे मार्गदर्शन आहे. दिवसा त्याहून वर जाऊन आलात तरी चालते. रात्र कुठे काढता, हे महत्त्वाचे. उत्तम शारीरिक क्षमता असलेल्या माणसाला हा नियम लागू नाही, असा एक समज आहे आणि तो घातक आहे. धडधाकट तरुण अनेकदा आधी आजारी पडतात, कारण ते भराभर वर जाऊ शकतात. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बहुतेकांना डायमॉक्स या नावाने ठाऊक असलेली गोळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास जुळवून घेण्याच्या क्रियेला मदत करते, परंतु चुकीचे वेळापत्रक ती दुरुस्त करू शकत नाही.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण मेरा पीकला गेलो. दोन आयोजकांची वेळापत्रके आमच्यासमोर होती. एक दक्षिणेकडून, पैया आणि पांगोम या बाजूने जंगलातून वळसा घेत हिंकू खोऱ्यात उतरणारे, आणि दुसरे लुक्ल्याहून थेट ४,६१० मीटर उंचीची झात्रवा ला ही खिंड ओलांडणारे. दुसरे काही दिवसांनी लहान आणि अर्थातच स्वस्त होते. आम्ही ते निवडले. निवड आमचीच होती, म्हणून आयोजकाला एकट्याला दोष देत नाही. पण असे वेळापत्रक त्याने विकायला नको होते, हेही तितकेच खरे. लुक्ल्याची उंची सुमारे २,८६० मीटर. तिथून निघाल्यावर जेमतेम दोन रात्री मध्ये काढून आम्ही खिंड ओलांडली आणि पलीकडे ४,३०० मीटरच्या आसपास असलेल्या थुली खर्क येथे मुक्काम केला. त्या रात्री आमच्यातील एका मित्राचे डोके असह्य दुखू लागले. पहाटेपर्यंत त्याला तीन वेळा उलट्या झाल्या आणि तंबूतून बाहेर आल्यावर त्याची पावले सरळ पडेनात. तोल जाणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असू शकते आणि अशा वेळी ताबडतोब खाली उतरणे हाच उपाय असतो, एवढे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की थुली खर्कहून लुक्ल्याकडे उतरायचे तर आधी पुन्हा खिंडीपर्यंत वर चढावे लागते. मागचा रस्ता आजारी माणसासाठी बंदच होता. सुदैवाने पुढची वाट हिंकू नदीच्या दिशेने खाली कोथे या वस्तीकडे उतरते. आमचा एकमेव चढाई मार्गदर्शक त्याला घेऊन त्या वाटेने उतरला आणि सहा-सातशे मीटर खाली आल्यावर मित्राला उतार पडू लागला.

पुढचा भाग मला अधिक खुपतो. मित्रासोबत मार्गदर्शकाला थांबणे भाग होते, त्यामुळे आम्हा बाकीच्यांचे दोन दिवस गेले. वेळापत्रकात राखीव दिवस एकच होता. आम्ही खारे या वस्तीपर्यंत आणि तिथून मेरा ला या खिंडीवरून ५,७८० मीटरवरच्या वरच्या तळापर्यंत पोहोचलो. त्या रात्री वारा इतका होता की निघण्याचा प्रश्नच नव्हता. एक दिवस थांबलो असतो तर कदाचित निघता आले असते, परंतु थांबण्यासाठी दिवसच उरला नव्हता. लुक्ल्याहून परतीचे विमान ठरलेले होते. आम्ही खाली आलो. त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो घरी बसून कागदावर दोन वेळापत्रके शेजारी ठेवली असताना आम्ही फक्त शेवटची रक्कम पाहिली याचा.

त्यानंतर मी वेळापत्रक कसे वाचावे हे शिकलो आणि ते इथे आयलंड पीकच्या उदाहरणाने मांडतो. लुक्ल्याहून पहिल्या दिवशी फाकदिंगला, म्हणजे २,६१० मीटरवर, उतरून मुक्काम. दुसऱ्या दिवशी नामचे बाजार, ३,४४० मीटर. ही एकाच दिवसात आठशे मीटरहून मोठी उडी आहे आणि मध्ये सोयीचा टप्पा नसल्यामुळे ती सगळेच घेतात. म्हणूनच नामचेला दुसरी रात्र काढणे ही चैन नसून त्या उडीची भरपाई आहे. पुढे तेंगबोचे ३,८६० मीटर आणि दिंगबोचे ४,४१० मीटर. दिंगबोचेलाही दोन रात्री हव्यात. त्या मोकळ्या दिवशी टेकाड ओलांडून फेरिचेला जाता येते. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे १९७३ पासूनचे उपचार केंद्र आहे आणि हंगामात तिथले डॉक्टर दररोज दुपारी उंचीवरील आजारांविषयी बोलतात. मी ते बोलणे दोनदा ऐकले आहे, आणि मेराला जाण्यापूर्वी ऐकले असते तर थुली खर्कला आम्ही झोपण्याआधीच शहाणे झालो असतो. दिंगबोचेनंतर छुकुंग, ४,७३० मीटर. इथेही शक्यतो दोन रात्री घालवाव्यात आणि मधल्या दिवशी साडेपाच हजार मीटर उंचीच्या छुकुंग री या माथ्यावर जाऊन परत यावे. मग सुमारे ५,१०० मीटरवरचा तळ, तिथून मध्यरात्रीनंतर निघून शिखर आणि त्याच दिवशी छुकुंगपर्यंत परत. हे सर्व दहा दिवसांत बसते. त्यात हवामानासाठी निदान एक, खरे तर दोन दिवस आणि लुक्ल्यापर्यंत परतीचे तीन दिवस मिळवले की चौदा-पंधरा दिवस होतात. यापेक्षा बरेच कमी दिवस दाखवणारे वेळापत्रक हाती आले, तर नामचे, दिंगबोचे आणि छुकुंग यांपैकी कोणती दुसरी रात्र गायब झाली आहे ते शोधावे. ती सापडतेच.

जे आधी एव्हरेस्ट बेस कॅम्पजवळच्या गोरक शेपपर्यंत जाऊन मग कोंगमा ला ओलांडून किंवा दिंगबोचेमार्गे छुकुंगला येतात, त्यांचे शरीर उंचीला अधिक सरावलेले असते, कारण ते ५,१०० मीटरच्या वर झोपून आलेले असतात. मात्र तोवर पाय थकलेले असतात, खोकला लागलेला असतो, जेवण कमी झालेले असते. हा मार्ग मला तरीही अधिक पसंत आहे; फक्त अशा वेळी छुकुंगला एक पूर्ण विश्रांतीचा दिवस मागून घ्यावा.

राखीव दिवसांबाबत एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. लुक्ल्याची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब आणि चढाची आहे, ढग उतरले की उड्डाणे थांबतात, आणि गर्दीच्या हंगामात बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथली येथून सुटतात, जिथे पोहोचायलाच मोटारीने चार-पाच तास लागतात. त्यामुळे विमानासाठी राखीव दिवस लागतो आणि शिखरासाठीही लागतो. अनेक वेळापत्रकांत हे दोन्ही एकाच ‘राखीव दिवसा’त बसवलेले असतात. म्हणजे एकच दिवस दोनदा विकला जातो. विमान पहिल्याच दिवशी रखडले की शिखरावरचा राखीव दिवस सुरुवातीलाच संपतो आणि मग वर कितीही वारा असला तरी ‘आज नाही तर कधीच नाही’ अशी स्थिती येते. अपघात होतात ते अशाच स्थितीत. राखीव दिवस नेमका कुठे धरला आहे, छुकुंगनंतर की काठमांडूत, हे आयोजकाकडून लेखी मागावे.

दुसरा प्रश्न मार्गदर्शकांच्या संख्येचा. परवाना नेपाळमधील नोंदणीकृत संस्थेमार्फतच निघतो आणि चढाईसाठी प्रशिक्षित मार्गदर्शक सोबत असावा लागतो. पण ‘मार्गदर्शकासह’ या शब्दाखाली बरेच काही खपते. वाट दाखवणारा ट्रेकिंग गाइड आणि दोरावर तुमची जबाबदारी घेणारा क्लाइंबिंग गाइड हे दोन वेगळे व्यवसाय आहेत आणि त्यांचे प्रशिक्षणही वेगळे आहे. नेपाळच्या पर्वतीय मार्गदर्शकांची संघटना २०१२ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे आणि त्या मानकांनुसार पात्र ठरलेले मार्गदर्शक तिथे आहेत. इतर अनेक अनुभवी शेर्पा मार्गदर्शक त्या प्रमाणपत्राशिवायही उत्तम काम करतात. म्हणून मी केवळ प्रमाणपत्र विचारत नाही, या शिखरावर ते किती वेळा आले आहेत आणि शेवटचे कधी आले होते, हे विचारतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: शिखराच्या दिवशी पहाटे चार वाजता एका सदस्याला परतावे लागले, तर त्याच्यासोबत खाली कोण जाणार? चार सदस्यांमागे एकच मार्गदर्शक असेल तर उत्तर दोनच असू शकतात. एक तर सगळे परततात, नाही तर आजारी माणूस एकटा बसून राहतो किंवा एकटा उतरतो. दुसरे उत्तर मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि त्या बर्फात मागे ठेवलेल्या माणसाचा चेहरा मी विसरू शकलेलो नाही. आयलंड पीक किंवा लोबुचे ईस्टसारख्या शिखरावर दोन सदस्यांमागे एक मार्गदर्शक ही मागणी अवाजवी नाही.

तिसरी बाब दोराच्या कामाची. आयलंड पीकच्या माथ्यालगत बर्फाची उभी भिंत आहे आणि तिच्यावर बांधलेल्या दोरावरून जुमार या दोराला पकड घेत वर सरकणाऱ्या साधनाच्या साहाय्याने चढावे लागते. तिच्या खालच्या हिमनदीत हिमभेगा आहेत आणि काही वर्षी त्यांवर शिडी टाकावी लागते. हिमनद्या वितळत असल्यामुळे हा मार्ग वर्षागणिक बदलतो. शेजारच्याच इम्जा हिमतलावाची पातळी धोका वाटल्यामुळे २०१६ साली तीन मीटरहून अधिक उतरवावी लागली, यावरून त्या परिसरातील बर्फाची अवस्था कळावी. म्हणून पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या वर्णनावर विसंबू नये, गेल्या हंगामातील स्थिती विचारावी. लोबुचे ईस्टवर आधी खडकाचे पट्टे आणि मग अरुंद हिमधार आहे, आणि बऱ्याच तुकड्या मुख्य माथ्याच्या अलीकडच्या उंचवट्यावरूनच परततात. त्यात गैर काही नाही, फक्त हे आधी सांगितलेले असावे.

या सगळ्याचे प्रशिक्षण तळावर एका दुपारी दिले जाईल, असे बहुतेक वेळापत्रकांत लिहिलेले असते. ५,००० मीटरवर, थकलेल्या आणि डोके जड झालेल्या अवस्थेत माणूस नवे काही नीट शिकत नाही. तो आधी शिकलेले आठवू शकतो, एवढेच. जाड मोजे घातलेल्या हातांनी कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवण्याची कडी, उघडणे, दोराच्या जोडावर पोहोचल्यावर आधी सुरक्षेचा कॅराबिनर पुढच्या दोरात अडकवून मगच जुमार काढणे, बुटांना लावायचे काटेरी क्रॅम्पॉन अंधारात स्वतः बांधणे, आणि परतताना डिसेंडर या दोरावरून उतरण्याच्या साधनात दोर बरोबर भरून उतरणे, या हालचाली घरून निघण्यापूर्वी हातात बसलेल्या असाव्यात. यांतील शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. चढताना माणूस ताजा असतो आणि मार्गदर्शक समोर असतो. उतरताना तो दमलेला असतो, रांग असते, आणि आपल्या गाठीकडे पाहणारा कोणी शेजारी असेलच असे नाही. मी स्वतः डोळे मिटून दोर भरण्याचा सराव करतो आणि इतरांनाही तोच सांगतो.

ज्यांना वेळ काढणे शक्य आहे त्यांनी थेट नेपाळला न जाता आधी आपल्याकडील प्रशिक्षण संस्थांमधील प्राथमिक अभ्यासक्रम करावा, असे मी आग्रहाने म्हणेन. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हे काम करत आहेत. सुमारे चार आठवड्यांच्या त्या अभ्यासक्रमाइतके सखोल शिक्षण कोणतीही व्यावसायिक मोहीम देऊ शकत नाही. भारतातही या उंचीची शिखरे आहेत. लडाखच्या मार्खा खोऱ्यातील ६,२५० मीटर उंचीचे कांग यात्से २ हे त्यांपैकी एक, आणि लडाख पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथे जुलै-ऑगस्टमध्येही जाता येते. मात्र विमानाने लेहला उतरणारा माणूस एका तासात ३,५०० मीटरवर येऊन पडतो, याचे भान ठेवून पहिले दोन-तीन दिवस काहीही न करता काढावे लागतात. याच भागातील ६,१५३ मीटर उंचीचे स्तोक कांगरी एकेकाळी सर्वांत सोपे सहाहजारी म्हणून गाजले आणि तिथे इतकी गर्दी झाली की पाण्याचा स्रोत असलेली हिमनदी वाचावी म्हणून २०२० पासून ते बंद करावे लागले. खाली राहणाऱ्या गावाच्या पिण्याच्या पाण्यावर आपण तंबू ठोकत होतो, हे आम्हा गिर्यारोहकांना कळायला फार उशीर झाला, याचे वाईट वाटते.

विम्याबाबत थोडे लिहितो, कारण तिथे लोक हमखास फसतात. प्रवास विम्याच्या अनेक योजनांत उंचीची मर्यादा असते, आणि दोर किंवा आइस ॲक्स वापरावी लागणारी चढाई वगळलेली असते. म्हणजे बेस कॅम्पपर्यंत विमा आहे आणि ज्या दिवसासाठी तो घेतला त्या दिवशी नाही, असे घडू शकते. कोणत्या उंचीपर्यंत, कोणत्या प्रकारच्या चढाईसाठी, आणि हेलिकॉप्टर बोलावण्यापूर्वी कोणाची परवानगी लागते, हे लेखी पाहून त्या फोन क्रमांकाची प्रत मार्गदर्शकाकडेही द्यावी. गरज नसताना हेलिकॉप्टरने खाली आणून विमा कंपन्यांकडून फुगवलेली देयके वसूल करण्याचे प्रकार उघड झाल्यावर नेपाळ सरकारने २०१८ साली त्यांची चौकशी केली होती. त्यामुळे किरकोळ डोकेदुखीवर कोणी लगेच हेलिकॉप्टर सुचवले तर आधी पायी खाली उतरण्याचा पर्याय विचारावा. परंतु तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, तर मात्र एक मिनिटही वाद घालू नये. ताबडतोब खाली उतरायला सुरुवात करावी आणि मदत वाटेत गाठू द्यावी.

स्वस्त मोहिमेची किंमत आणखी एक माणूस मोजतो आणि तो जाहिरातीत कधीच नसतो. आपले सामान वाहणाऱ्या भारवाहकाच्या पाठीवर किती किलो आहेत, त्याच्या पायांत बूट कसले आहेत, त्याचा विमा आहे का, आणि तो आजारी पडला तर त्याला कोण उतरवणार, हे प्रश्न आयोजकाला विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण तो आपल्यासाठी वर आलेला असतो. झात्रवा लाच्या बर्फातून साध्या बुटांनी उतरणारे भारवाहक मी पाहिले आहेत. ते आमच्याच तुकडीचे होते.

हवामानाविषयी एवढेच, की शरद ऋतू स्थिर असतो हे सरासरीने खरे आहे. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी, म्हणजे ऐन हंगामात, बंगालच्या उपसागरातून आलेल्या हुडहुड चक्रीवादळाच्या उरलेल्या जोराने अन्नपूर्णा परिसरात अचानक हिमवृष्टी झाली आणि थोरोंग ला खिंडीसह त्या भागात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांतील कित्येक जण शिखरावर नव्हे, नेहमीच्या ट्रेकच्या वाटेवर होते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी गढवालमधील द्रौपदी का डांडा २ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखरावर हिमस्खलनात २९ जणांचा बळी गेला. ती तुकडी तर प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षकांची होती. अशा घटना पूर्णपणे टाळता येतील असा दावा कोणी करू नये. पण ताजी हिमवृष्टी झाल्यावर उतार स्थिरावण्यासाठी थांबता येणे, हे पुन्हा हाती दिवस शिल्लक आहेत की नाहीत यावरच येऊन ठरते.

आता आपल्याकडे एक विनंती. वृत्तपत्रांत या मोहिमांच्या बातम्या येतात त्या माथ्यावर झेंडा धरलेल्या छायाचित्रासह आणि ‘अवघ्या इतक्या दिवसांत’ अशा कौतुकाच्या शब्दांसह. त्या यशामागचे कष्ट खरे असतात आणि कौतुक व्हायलाच हवे. पण ‘अवघ्या’ हा शब्द वाचून पुढच्या हंगामात कोणी तरी त्याहून एक दिवस कमी असलेले वेळापत्रक निवडतो. बातमीत किती जण गेले आणि किती जण माथ्यावर पोहोचले, सोबत किती मार्गदर्शक होते आणि त्यांची नावे काय, किती दिवस लागले आणि किती राखीव होते, एवढी माहिती दिली तरी वाचकाला मोहिमेचा अंदाज येईल. जो सदस्य ५,८०० मीटरवरून स्वतः ठरवून परतला, त्याचेही दोन शब्द छापावेत. शेर्पा मार्गदर्शकांची नावे तर आपल्या बातम्यांतून जवळजवळ नेहमीच गळतात. दोर त्यांनी बांधलेला असतो.

थुली खर्कहून उतरवून न्यावा लागलेला माझा मित्र आता पूर्ण बरा आहे आणि आम्ही दोघे पुन्हा मेराला जाण्याची तयारी करत आहोत. या वेळी पैया-पांगोमच्या लांबच्या वाटेने जायचे ठरले आहे. आयोजकाने पाठवलेल्या पहिल्या वेळापत्रकात खारेला एकच रात्र होती. ती दोन करून घेतली, दोघांसाठी एक स्वतंत्र चढाई मार्गदर्शक मागितला, आणि वरच्या तळासाठी दोन राखीव दिवस विमानाच्या राखीव दिवसापासून वेगळे लिहून घेतले. त्यामुळे खर्च वाढला आणि आमची रजा कमी पडू लागली, म्हणून या हंगामाऐवजी आम्ही पुढच्या वसंतात जाणार आहोत.

आपला विश्वासू,
एक गिर्यारोहक वाचक